रापलेल्या कातडीची साक्ष

२००७ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत क्लेअर ऑलिव्हर हे नाव पोहोचलं. मेलबर्नची ही तरुणी पत्रकारितेत पाय रोवू पाहत होती. मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगांतला सगळ्यांत घातक प्रकार, तिच्या शरीरभर पसरला होता. निदान सव्विसावा वाढदिवस दिसावा, एवढीच तिची इच्छा होती. तो दिवस तिने पाहिला आणि काही आठवड्यांतच, १३ सप्टेंबरला, ती गेली. हाताशी उरलेल्या त्या थोड्या दिवसांत तिने वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. कातडी रापवून घ्यायला आपण सोलारियममध्ये गेलो होतो, त्यातला धोका आपल्याला कुणी सांगितला नव्हता, आणि या धंद्याला आता आवर घातलाच पाहिजे.

सोलारियम म्हणजे अतिनील किरणांचे दिवे बसवलेला पलंग असलेलं दुकान. ग्राहकाने पैसे मोजायचे, अंगावरचे कपडे काढून त्या पलंगावर पडायचं, वरचं झाकण ओढून घ्यायचं आणि काही मिनिटांत समुद्रकिनाऱ्यावर आठवडा घालवल्यासारखा तांबूस रंग घेऊन बाहेर पडायचं. उन्हातून घरी आलेल्या पोराला ‘काळा पडलास की रे’ म्हणून हळहळणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला याचं नवल वाटेल. पण विसाव्या शतकातल्या गोऱ्या समाजांत रापलेलं अंग हे आरोग्याचं, सुट्टीचं, मोकळ्या हवेतल्या आयुष्याचं चिन्ह बनलं होतं. ऑस्ट्रेलियात तर ती जवळजवळ राष्ट्रीय प्रतिमाच होती. लाटांवर स्वार होणारे, किनाऱ्यावर पहारा देणारे, तांब्याच्या रंगाचे तरुण.

तो रंग नेमका येतो कसा, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

सूर्याचे अतिनील किरण पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएवर आदळतात, तेव्हा त्या लांबलचक साखळीतले शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात. पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा आहे. ती चिकटलेला तुकडा कापून काढते आणि नवा बसवते. त्याच वेळी इजा झालेली त्वचेची पेशी शेजारच्या रंगपेशींना निरोप धाडते. रंगपेशी मेलॅनिनचे कण तयार करून आजूबाजूच्या पेशींना पुरवतात आणि ते कण केंद्रकाच्या वरच्या बाजूला टोपीसारखे गोळा होतात. आपण ज्याला रापणं म्हणतो ते हेच. म्हणजे इजा आधी आणि रंग नंतर. इजेशिवाय रापणं होतच नाही. दुरुस्तीत कधी चूक राहते, अशा चुका वर्षानुवर्षं साठत जातात आणि त्यातली एखादी पेशी वाढीचे सगळे लगाम तोडते. रंगपेशीच बिघडली तर मेलानोमा होतो. त्वचेतल्या इतर पेशी बिघडल्या तर बेसल सेल आणि स्क्वेमस सेल हे तुलनेने सौम्य, पण कितीतरी अधिक प्रमाणात आढळणारे कर्करोग होतात.

सोलारियमचे दिवे भर उन्हाळ्यातल्या माध्यान्हीच्या सूर्याच्या सहापट तीव्रतेचे किरण टाकू शकत. सुट्टीवर जाण्याआधी थोडं रापून घेतलं की पुढे ऊन बाधत नाही, असं ही दुकानं सांगत. प्रत्यक्षात गोऱ्या कातडीवरचा गडद राप जेमतेम एसपीएफ ४ इतकं संरक्षण देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये तोवरचा सगळा पुरावा एकत्र तपासला. पस्तिशीच्या आत सोलारियमचा वापर सुरू करणाऱ्यांमध्ये मेलानोमाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. २००९ मध्ये याच संस्थेने या यंत्रांना पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या रांगेत बसवलं.

पण हा पुरावा क्लेअर बोलू लागली तेव्हाही बराचसा उपलब्ध होता, मग तिच्या बोलण्याने असं काय झालं?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल. ऑस्ट्रेलिया हा त्वचेच्या कर्करोगाचा देश आहे. सत्तरीपर्यंत पोहोचेतो तिथल्या दर तिघांपैकी दोघांना या ना त्या प्रकारचा त्वचेचा कर्करोग झालेला असतो. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेत घडलेली कातडी घेऊन माणसं विषुववृत्ताच्या कितीतरी जवळ राहायला आली. त्यात दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा ऐन अशा वेळी येतो, जेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. वर तिथली हवाही स्वच्छ, किरणांना अडवायला धूळ आणि धूर कमी.

१९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या कर्करोग परिषदेने टीव्हीवर एक जाहिरात आणली. सिड नावाचा सीगल पक्षी नाचत नाचत तीन गोष्टी सांगायचा: अंगात सदरा चढवा, सनस्क्रीन थापा, डोक्यावर टोपी घाला. ॲलेक्स स्टिट यांनी काढलेलं चित्र, फिलिप ॲडम्स यांची कल्पना, पीटर बेस्ट यांची चाल. ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ हे तीन शब्द तिथल्या एका अख्ख्या पिढीच्या कानात बसले. पुढे २००७ मध्ये सावली आणि गॉगल यांची त्यात भर पडली. मजेशीर जाहिरात म्हणून हिचं कौतुक खूप होतं. मला मात्र त्यामागोमाग आलेली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. व्हिक्टोरियाने १९८७ मध्ये तंबाखूविरोधी कायदा केला, तंबाखूवरच्या आकारणीतून आरोग्यवृद्धीसाठी एक स्वतंत्र संस्था उभी केली, आणि तिच्या पैशावर १९८८ मध्ये ‘सनस्मार्ट’ हा कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे गाण्याच्या पाठीशी वर्षानुवर्षं टिकणारा पैसा उभा राहिला. आरोग्यशिक्षणाच्या कितीतरी मोहिमा पहिल्या वर्षाचा निधी संपला की संपतात. ही संपली नाही.

सनस्मार्टने मुलांना उपदेश करण्यापेक्षा शाळांच्या कारभारात हात घातला. शाळेने लेखी धोरण करायचं. व्हिक्टोरियात ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत प्राथमिक शाळेतल्या मुलांनी मैदानावर रुंद काठाची टोपी घालायची. पुढे चोच असलेली साधी क्रिकेटची टोपी चालत नाही, कारण कान आणि मान उघडी राहतात. ज्याने टोपी आणली नाही त्याने सावलीतच खेळायचं. शिक्षकांनीही टोपी घालायची. मैदानावर झाडं लावायची, छपरं उभारायची, खेळाच्या वेळा बदलायच्या. प्राथमिक शाळा संपली की मात्र हे सगळं ढिलं पडतं. त्या वयात टोपी घालणं पोराटोरांचं वाटतं आणि शाळाही फार आग्रह धरत नाहीत. ही त्या कार्यक्रमाची जुनी दुखरी बाजू आहे. सोलारियमचं गिऱ्हाईक नेमकं याच वयातून पुढे तयार होत होतं. प्राथमिक शाळेत टोपी घालून खेळलेली मुलगी विसाव्या वर्षी पैसे मोजून त्या पलंगावर पडत होती.

क्लेअरची साक्ष या तयार जमिनीवर पडली. उन्हाने कर्करोग होतो हे लोकांना पंचवीस वर्षांत ठाऊक झालंच होतं. तिने बोट दाखवलं ते दुकानाकडे, परवान्याशिवाय चालणाऱ्या धंद्याकडे. आणि ते दाखवलं तेव्हा कॅमेऱ्यासमोर सव्वीस वर्षांची मुलगी होती. ‘स्वतःच्या हौसेने गेली, मग भोगू दे’ म्हणणारेही होतेच. पण हौसेच्या दुकानात धोक्याची पाटी लावण्याची जबाबदारी कुणाची, हा तिचा प्रश्न त्या कुजबुजीपेक्षा मोठा ठरला. २००८ मध्ये व्हिक्टोरियाने नियम आणले. अठरा वर्षांखालच्यांना आणि उन्हात फक्त भाजणाऱ्या, कधीच न रापणाऱ्या अतिगोऱ्या कातडीच्या लोकांना सोलारियमची दारं बंद झाली.

इथे जे ॲलन नावाच्या माणसाची गोष्ट सुरू होते. न्यू साउथ वेल्समधला हा ट्रकचालक. ऐन तिशीत, २००८ मध्ये, पायावरच्या तिळातून रक्त येऊ लागलं आणि तपासणीत मेलानोमा निघाला, तोही तिसऱ्या टप्प्यातला. त्यानेही पूर्वी सोलारियम वापरलं होतं. त्या काळी पसरलेल्या मेलानोमावर डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करणारं इपिलिमुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं ते २०११ मध्ये. आज अशा दोन औषधांच्या जोडीने पसरलेल्या मेलानोमाचे जवळपास निम्मे रुग्ण पाच वर्षांच्या पुढे जगतात. क्लेअरच्या आणि ॲलनच्या वेळी बहुतेकांच्या वाट्याला वर्षभरही येत नसे.

ॲलन वाचला आणि त्याने ट्रक सोडून हेच काम धरलं. मेलानोमाच्या संस्थांबरोबर तो शाळांत, कामगारांसमोर, आमदार-मंत्र्यांच्या दारात जाऊ लागला. त्याच्याकडे डॉक्टरची पदवी नव्हती आणि भाषणाची सफाईही शिकलेली नव्हती. पण बांधकामावरच्या, रस्त्यावरच्या, ट्रकवरच्या पुरुषांना सनस्क्रीन ही बायकांची गोष्ट वाटते, आणि त्यांच्यातलाच एक माणूस पायावरचा व्रण दाखवून बोलतो तेव्हा ते ऐकतात. मागणीही त्याने अर्धी ठेवली नाही. वयाची अट, परवाना, सूचनाफलक या सगळ्याच्या पलीकडे जाऊन त्याने धंदा बंद करा असंच म्हटलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यू साउथ वेल्सने व्यावसायिक सोलारियमवर पूर्ण बंदी जाहीर केली. अंमल २०१४ च्या शेवटी होणार होता. एकामागून एक राज्यं त्यात आली. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया २०१६ च्या सुरुवातीला सामील झालं. न्यू साउथ वेल्सच्या आधी ब्राझीलने, २००९ मध्ये, असं पाऊल उचललं होतं. यंत्रांच्या मालकांना काही राज्यांनी पैसे देऊन किंवा यंत्र मोडीत काढायला मदत करून मोकळं केलं. ही बारीक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. छोट्या दुकानदाराचं पोट मारून केलेला कायदा पुढे चोरून मोडला जातो. काही यंत्रं तरीही घरांत आणि गॅरेजमध्ये गेली, कारण बंदी धंद्यावर होती, बाळगण्यावर नव्हती. ॲलनला पुढे ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलियाचं पदक मिळालं.

बचावलेल्या माणसाच्या बोलण्यात ताकद असते हे सगळेच म्हणतात. या दोघांकडे पाहताना मला ती ताकद कुठे असते ते दिसतं. ‘मी चुकलो, तुम्ही चुकू नका’ एवढंच सांगणारा माणूस ऐकणाऱ्याचे डोळे ओले करतो आणि ऐकणारा घरी जातो. त्यापुढे जाऊन जो म्हणतो की माझ्या चुकीला जागा करून देणारी ही व्यवस्था बदला, हा नियम करा, हे दुकान बंद करा, मैदानावर हे छप्पर घाला, त्याच्यामागे काहीतरी उरतं. क्लेअर आणि ॲलन दुसऱ्या प्रकारचे होते.

अर्थात साक्ष म्हणजे पुरावा नव्हे. तो दुसऱ्या वाटेने यावा लागतो, आणि ऑस्ट्रेलियात तो क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर या छोट्या गावातून आला. ॲडेल ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तिथल्या १६२१ प्रौढांना घेऊन चाचणी सुरू केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. निम्म्यांनी रोज सकाळी डोकं, मान, हात यांवर एसपीएफ १५ च्या वरचं सनस्क्रीन लावायचं, निम्म्यांनी आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे वागायचं. साडेचार वर्षांनी पाहिलं तर रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. बेसल सेलमध्ये फरक नव्हता. मग चाचणी संपल्यावरही पुढची दहा वर्षं त्या माणसांची नोंद ठेवली गेली. रोज लावणाऱ्यांत ११ जणांना मेलानोमा झाला, दुसऱ्या गटात २२ जणांना. आकडे लहान आहेत. पण गावातल्या साध्या माणसांनी इतकी वर्षं संशोधकांची साथ दिली नसती, तर सनस्क्रीनने मेलानोमा टळतो का, हा वाद आजही तसाच चालू राहिला असता. टोपी आणि सनस्क्रीन घेऊन वाढलेल्या पिढ्यांत, म्हणजे आजच्या चाळिशीच्या आतल्या ऑस्ट्रेलियन लोकांत, मेलानोमाचं प्रमाण उतरलं आहे. म्हाताऱ्यांमध्ये ते चढतंच आहे, कारण त्यांच्या कातडीने सिडच्या आधीचं ऊन खाल्लेलं आहे.

आणि तरी मोहीम संपलेली नाही. अतिनील निर्देशांक हा आकडा लोकांना सावध करण्यासाठी बनवला होता. ३ किंवा त्याहून वर गेला की अंग झाकायचं, एवढा सोपा नियम. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरचा हाच आकडा पाहून, तो सर्वाधिक असताना मुद्दाम उन्हात पडण्याची टूम समाजमाध्यमांवर पसरली. मेलानोमातज्ज्ञ जॉर्जिना लाँग आणि रिचर्ड स्कोलियर यांना २०२४ मध्ये मिळून ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा मान मिळाला. स्कोलियर स्वतः तेव्हा मेंदूच्या कर्करोगाशी झुंजत होते. त्या व्यासपीठावरूनही दोघांनी रापलेल्या अंगाचं कौतुक थांबवा, असंच सांगितलं.

आता आपल्याकडे येताना पाऊल जपून टाकायला हवं. ऑस्ट्रेलियातला धडा जसाच्या तसा उचलून सोलापूरच्या किंवा रत्नागिरीच्या शाळेत नेला तर तो चुकेल.

मेलबर्न-सिडनीतल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न आधीच पडलेला आहे. मुलगी रुंद टोपी घालून, सनस्क्रीन लावून शाळेत जाते आणि आईच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघतं. सावळ्या-काळ्या कातडीत मेलॅनिन मुळातच भरपूर असतं. त्यामुळे अतिनील किरणांचा धोका फार कमी होतो, पण ड जीवनसत्त्व बनायलाही जास्त ऊन लागतं. तिथल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये नवी भूमिका मांडली, तेव्हा सगळ्यांना एकच सल्ला देणं सोडून दिलं. त्यांनी कातडीच्या रंगाप्रमाणे आणि धोक्याप्रमाणे तीन गट केले. गडद कातडीच्या माणसाला रोजच्या ये-जा करण्यापुरतं सनस्क्रीन लागत नाही, तासन्‌तास उन्हात राहायचं असेल तरच संरक्षण हवं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. स्वतःचा चाळीस वर्षांचा यशस्वी संदेश असा दुरुस्त करायला मोठेपणा लागतो.

गडद कातडीला मेलानोमा होतो तेव्हा तो बऱ्याचदा उन्हाची वाट धरतच नाही. तो तळपायावर, तळहातावर, नखाखाली उगवतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये तो सापडला आणि ११ मे १९८१ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. सिडची जाहिरात त्याच वर्षातली. तिच्यात तळपायाचा उल्लेख नव्हता आणि त्या प्रेक्षकांसाठी असण्याचं कारणही नव्हतं. आपल्याकडे अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या तळपायावरचा काळा डाग कुरूप, काटा, ठेच म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहतो. तीळ एका बाजूने वेगळा दिसतो का, कड खडबडीत आहे का, एकात दोन-तीन रंग आहेत का, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का आणि मुख्य म्हणजे बदलतो आहे का, ही जगभर वापरली जाणारी खूण आपल्यालाही लागू आहे. फक्त ती पाहायची जागा चेहरा आणि पाठ एवढीच नाही. पाय उलटा करून पाहायचा आहे.

दुसरी वाट अधिक आपली आहे, आणि तिचा शोध मुंबईतच लागला. टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतीय सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काठावर होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन होतं. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घासणी, घाम, काळसर पडलेली आणि पापुद्रे सुटलेली कातडी, मग न भरणारी जखम. साडीच्या परकराची नाडी आवळून बांधणाऱ्या बायकांतही हेच पुढे दिसत गेलं. २०२४ मध्ये वर्ध्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क स्त्रियांची माहिती ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. एक परकरावर साडी नेसणारी, दुसरी वर्षानुवर्षं लुगडं कसून नेसलेली. दोघींच्या कमरेच्या बाजूला दीड-दोन वर्षं जखम होती. एकीचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता.

खानोलकरांचा निबंध आणि वर्ध्याचा लेख यांच्यात जवळपास ऐंशी वर्षांचं अंतर आहे. मला याचा राग येतो. नाडी सैल बांधा, रोज थोडी वरखाली बांधा, दोरीऐवजी रुंद पट्टी लावा, कमरेवरची काळी रेघ खाजू लागली तर दाखवा, एवढं सांगायला ना निधी लागतो ना यंत्र. जुन्या भाजल्याच्या व्रणावर पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या जखमेचंही तसंच आहे. तीही कर्करोगाची जागा होऊ शकते, आणि चूल-स्टोव्हच्या या मुलखात असे व्रण कमी नाहीत.

मग आपल्याकडे उन्हाचा धडा लागतच नाही का? लागतो, आणि ज्यांना लागतो त्यांना तो फार तातडीने लागतो. जन्मतःच मेलॅनिन नसलेली किंवा अगदी कमी असलेली, अल्बिनिझमची मुलं आपल्या गावागावांत आहेत. त्यांच्या कातडीला केंद्रकावरची ती टोपी मिळतच नाही. आफ्रिकेत अशा माणसांचे बळी त्वचेच्या कर्करोगाने मोठ्या संख्येने घेतले. म्हणूनच टांझानियातल्या मोशी इथे त्यांच्यासाठी खास सनस्क्रीन बनवून वाटलं जातं. १३ जून हा त्यांच्यासाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. आपल्या शाळेत असं मूल असेल तर गणवेशात टोपी आणि लांब बाह्या बसवून घेणं, कवायत सावलीत ठेवणं, त्याची नजरही अधू असते म्हणून फळ्याजवळ पण खिडकीच्या उन्हापासून दूर बसवणं, हे मुख्याध्यापकाच्या एका सहीचं काम आहे. त्याला हिणवून हाक मारणाऱ्या पोरांना थांबवणं हेही त्याच कामात येतं.

बाकीच्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. ऊन तापतं आणि ऊन भाजतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील किरण अंगाला गरम लागत नाहीत. महाबळेश्वरला गार वाऱ्यात ते खालच्या वाईपेक्षा जास्तच असतात, कारण दर हजार मीटर उंचीला ते सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. पातळ ढगांतून नव्वद टक्क्यांहून अधिक खाली येऊ शकतात. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात दुपारी निर्देशांक ११ च्या वर जातो. काळी कातडी कर्करोगापासून पुष्कळ वाचवते, पण डोळ्यांतल्या मोतीबिंदूला अतिनील किरण हातभार लावतात, ते कातडीच्या रंगाने टळत नाही. दिवसातले साठ टक्के अतिनील किरण सकाळी दहा ते दुपारी दोन या चार तासांत पडतात. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे भरणारी सकाळची शाळा ही उष्म्यासाठी केलेली जुनी सोय आहे, आणि तीच मुलांना या चार तासांतल्या बऱ्याचशा किरणांतून बाहेर काढते. शेतात निंदणीला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात, डोक्याला फडकं गुंडाळतात. सिडने सांगायच्या कितीतरी आधीपासून त्या ते करत आल्या आहेत. त्यांच्याकडे नाही ती दुपारी काम थांबवायची मुभा. थांबलं तर रोज बुडतो. तेव्हा टोपीचा सल्ला त्यांना देऊन मोकळं होण्याऐवजी कामाची वेळ पहाटेकडे सरकवण्याचं बोलणं मुकादमाशी आणि रोजगार हमीच्या साहेबाशी करायला हवं.

यासाठी नवं खातं उभं करायची गरज नाही. कुष्ठरोगाचे रुग्ण शोधायला आशाताई घरोघर जातात, अंगावरचे चट्टे पाहतात, सुन्न लागतं का विचारतात. त्याच भेटीत तळपाय उलटा करून पाहता येईल आणि बायकांच्या कमरेवरची नाडीची रेघही. कमरेवरची जखम बाई पुरुष डॉक्टरला सहसा दाखवत नाही, सुनेलाही उशिरा सांगते. आशाताईला दाखवेल. आणि अशी एखादी बाई शस्त्रक्रिया होऊन बरी झाली असेल, तर बचत गटाच्या बैठकीत तिला बोलायला बोलवावं, तिची तयारी असेल तरच. तिचं नाव-गाव छापू नये. गाडीभाडं आणि त्या दिवसाचा बुडालेला रोज तिला आधीच हातात द्यावा. तिने काय म्हटलं ते लिहून घ्यावं आणि त्यातली जी मागणी असेल, बाह्यरुग्ण विभागात बाई डॉक्टर असावी ही असो, परकर शिवणाऱ्याने रुंद पट्टी लावावी ही असो, ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर यावी.